बंदूक उडते, माणूस उडतो

माझ्या मेहुण्याचा मला हेवा वाटायचा. सगळ्यात जास्त वाटला तो एका रविवारी, अवकाशातल्या बंदुकीवरून.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. लंडनमध्ये, स्टॅनमोरला आमच्या किचनमध्ये मुलीने विचारलं, अंतराळवीराने गन चालवली तर चालेल का? ती प्रायमरी स्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. मी फिजिक्सचा पदवीधर. कांदा चिरता चिरता म्हणालो, "तिथे हवा नाही. ऑक्सिजनशिवाय दारू पेटणार कशी? नाही उडणार बंदूक."

"दारू? लाइक व्हिस्की?"

हसायचं सोडून मी समजावू लागलो, की मराठीत गनपावडरलाही दारूच म्हणतात. तेवढ्यात बायकोचा धाकटा भाऊ टेबलावरून म्हणाला, "भाऊजी, उडेल की!" तो कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. "व्हिस्कीत सोडा वरून घालावा लागतो. या दारूत तो आधीच घातलेला असतो. ऑक्सिजन काडतुसातच भरलेला."

मुलगी खदखदून हसली. त्याचं बरोबर होतं. मी चुकलो याचं मला फारसं वाटलं नाही. सोड्याचं मला का सुचलं नाही, याचं वाटलं.

"मामा, मग बंदूक उडवला की माणूस पण उडते?"

केवढा चांगला प्रश्न! आणि माझ्या तोंडून निघालं, "उडवली. ती बंदूक. आणि माणूस उडतो."

तिचा चेहरा मिटला. "ओके, डॅड. डझ द मॅन मूव्ह?"

माझ्याशी ती अशीच बोलायची, इंग्रजीत आणि थोडक्यात. मराठी टिकावं म्हणून मी तिची प्रत्येक चूक सुधारत आलो होतो, आणि ते टिकलं होतं फक्त मामापुरतं.

"उडते तर!" मामा म्हणाला. "आण तुझे रोलर स्केट्स."

स्केट्स घालून, बासमतीची पिशवी छातीशी धरून ती उभी राहिली. "फेक माझ्याकडे. जोरात!" तिने फेकली आणि स्वतः मागे घरंगळत फ्रिजला टेकली.

"गोळी हलकी, ती सुसाट पुढे जाते. माणूस जड, तो हळूहळू मागे. पण तिकडे फ्रिज नाही, जमीन नाही, हवा नाही. तो जातच राहणार."

"फॉरेव्हर?"

"कशावर तरी आपटेपर्यंत."

"मामा, परत!"

महिन्यातून एकदा येणाऱ्याला गमतीदार असणं परवडतं, असं मी स्वतःला सांगत होतो. होमवर्क मी घेतो, दात घासायला मी लावतो. तो भला माणूस, माझ्यावर जीव असलेला, आणि मी मनात म्हणत होतो, याची ट्रेन लवकर यावी.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती म्हणाली, "डॅड, कॅन आय रिंग मामा? आय वॉन्ट टू आस्क हिम, वुड यू हिअर द बँग?"

याचं उत्तर मला येत होतं. हवा नाही, म्हणून आवाज नाही. धक्का तेवढा हाताला कळेल. अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने मला विचारलंच नव्हतं. मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"मामा, बंदूकचा आवाज येते का? तिकडे हवा नाय ना..." ती बोलत राहिली, चुकत, हसत, मध्येच ओरडत. मी पॅसेजमध्ये टांगलेल्या कोटांच्या आडोशाला उभा राहिलो. तिचं मराठी मला तिथूनच ऐकायला मिळणार होतं.