रपट्यावर सगळ्यात मागं कोण होतं

माह्यासारख्या माणसानं या भुताखेतांच्या पानावर लिहावं, याचं मलेच हसू येते. मी चौथी पास. भूतप्रेत, अंगात येणं, उतारे... यातलं आजवर काहीच मानलं नाई. माही बायको दाई होती. चाळीस वर्षं ती आजूबाजूच्या गावांत बाळंतपणं करत फिरली अन् मी तिच्यासंग फिरलो. अवसेले मसणवटीवरून गेलो, पडक्या विहिरीजवळून गेलो. साप भेटले, विंचू भेटले, दारुडे तर गंज, पायलीचे पन्नास भेटले. भूत एकही भेटलं नाई. म्हणून जसं झालं तसं लिहितो. वाढवून लिहायची अक्कल मले नाई.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, वेणा नदीपासून दोन कोसावर. नाव लिहीत नाई, कारण मले अजून त्याच माणसांत राहायचं आहे. गावठाण नाल्याच्या त्या बाजूनं, आमची वस्ती या बाजूनं. मधात रपटा — नाल्यावर टाकलेला सिमेंटचा बुटका रस्ता, पावसाळ्यात पाणी त्याच्यावरूनच जाते. मतदान त्या बाजूच्या शाळेत. वस्तीतल्या माणसाले मत टाकायचं तर रपटा ओलांडल्याशिवाय इलाज नाई.

बायकोचं नाव कौसल्या. सारं गाव तिले कौसामाय म्हणे. मागच्या जेठ महिन्यात गेली. सकाळी चुलीपाशी बसली होती, बसल्या जागी कलंडली. मी बाहेर दात घासत होतो. एवढंच.

आता तिची मतदानाची रीत सांगतो, नाई तर पुढचं समजणार नाई. गंज वर्षांआधी एका निवडणुकीत आमच्या वस्तीतली एक बाई एकटीच मत टाकाले निघाली. रपट्यावर कोणीतरी गोटा मारला, तिचं कपाळ फुटलं. टाके घालतानी कौसल्याच तिले धरून बसली होती. तवापासून तिनं नियम केला. मतदानाच्या दिवशी वस्तीतल्या साऱ्या बायका बोरिंगजवळ जमणार. कंबरेले कापूस वेचायची ओटी बांधलेली, हातात डबा — मत टाकून तसंच वावरात जायचं. एकामागं एक चालायचं. कोणी शिवी देवो का थुंको, तोंड उघडायचं नाई. अन् कौसल्या सगळ्यात मागं. मी एकदा म्हटलं, पुढारीण तू, मंग मागं काऊन? तर म्हणे, "पुढचीले सारेच पाहतात. मागं राह्यलेली बाई धरल्या जाते."

यंदा सरपंचाची जागा बाईसाठी निघाली. गावठाणातल्या मोठ्या घराले वाटलं, आपली सून बिनविरोध येईन. तसं देवळात ठरवूनही टाकलं त्यांनी. अन् आमच्या शेजारच्या शालिनीनं फॉर्म भरला. शिवणकाम करते, बारावी झालेली, जिभेची तिखट. फॉर्म मागं घ्यायच्या आदल्या दिवशी चार जण तिच्या घरी येऊन गेले. तिनं नाई म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याले बस थांब्यावर मारलं, वरचे दोन दात गेले त्याचे. ठाण्यात अर्ज दिला. ठाणेदार माणूस वाईट नव्हता. शाळेच्या फाटकावर दोन शिपाई देतो म्हणला, गाडीही चक्कर मारत राहीन म्हणला. रपट्याचं विचारलं तर डोकं खाजवून राह्यला. त्याच्याजवळ माणसंच तेवढी होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी वस्तीत निरोप आला — उद्या बायकांनी सरळ वावरात जावं, शाळेकडे फिरकू नये. शालिनी माह्याकडे आली. म्हणे, "काकाजी, माह्यापायी कोणाचं डोकं नको फुटाले. त्यायले सांगा, नका येऊ." मले राग आला. म्हटलं, "फॉर्म भरतानी विचारलं होतं का तू मले? मंग आता कायले विचारतं? मी नेतो त्यायले." त्यात माही काही बहादुरी नव्हती. कौसल्या, माही बुढी, गेल्यापासून सकाळ झाली तरी उठावं वाटत नव्हतं. डोकं फुटलं तर फुटलं.

सकाळी आठला बोरिंगजवळ एकोणीस बायका आल्या. ओट्या बांधून, डबे घेऊन. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. शेवटाले कमला उभी राह्यली. साठीच्या वरची आहे, डोळ्यात मोतीबिंदू. तिनं विचारलं, "माह्या मागं कोण?" मी म्हटलं, काठ्यावाले पोट्टे पुढं रपट्यावर आहेत, मी पुढं राहतो, मागं कोणाची गरज नाई. आज वाटते, तिथंच चुकलो. चाळीस वर्षं पाहूनही बुढीची रीत मले समजली नव्हती. मागची जागा खाली ठेवली अन् वरून सांगतलं — कोणी वळून पाहाचं नाई, सरळ चालाचं.

रपट्याच्या त्या टोकाले सात-आठ पोट्टे होते. दोन मोटरसायकली आडव्या लावलेल्या. काठ्या होत्या, एकाजवळ लोखंडी पाइप. पाइपवाला गजानन — आम्ही गज्या म्हणतो. पुण्याकडं कंपनीत आहे, दोन वर्षं गावात आला नव्हता. मोठ्या घरानं निवडणुकीसाठी बोलावून घेतला, दोन दिवसांआधी उतरला होता. हा गज्या उपजला तवा नाळ गळ्याले गुंडाळलेली, अंग निळं. बुढीनं उलटा धरून पाठीत असे दणके दिले का तो रडला. सारं गाव त्याले चिडवे, "अबे, जगात आल्याबरोबर मार खाल्ला तू!"

मी त्याले म्हटलं, बाजू हो. त्यानं मले शिवी दिली. मी आणखी दोन पावलं टाकली. त्यानं पाइप वर उचलला... अन् वरच राह्यला. तो माह्याकडे पाहतच नव्हता. माह्या खांद्यावरून पार मागं, ओळीच्या शेवटाकडं पाहत होता. तोंड उघडं. मंग पाइप खाली घेतला, स्वतःच मोटरसायकल ओढून बाजूले केली अन् हळूच म्हणला, "जा माय." बाकीचे त्याले विचारून राह्यले, काय झालं बे? त्यानं मोटरसायकल धरूनच ठेवली. मले वाटलं, बायका पाहून लाजला.

एकोणीसही जणी शाळेत पोहोचल्या. रांगेत उभं असतानी कमला माह्या कानाशी येऊन म्हणे, रपट्यावर पाठीवर हात ठेवला ते बरं केलं, शेवाळावर पाय घसरत होता. मी म्हटलं, मी तर पुढं होतो, कोणता हात? ती म्हणे, "मंग कोणाचा होता?" मी म्हटलं, तूच शेवटली होती, चूप राह्य, नंबर आला. म्हातारीले भास झाला म्हणून सोडून दिलं.

शालिनी थोडक्या मतांनी पडली. पण कोणाच्या अंगाले बोट लागलं नाई. आमच्याकडे ही गोष्ट लहान नाई.

निकाल लागल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी, गज्या माह्या दारात आला. मी ओट्यावरची काठी जवळ ओढली. त्यानं पाहिलं. चप्पल काढली अन् विचारलं, "बाबाजी, माय कुठी आहे? पाया पडतो अन् जातो. संध्याकाळची गाडी आहे."

मले वाटलं, थट्टा करून राह्यला. मी हातानंच भिंतीकडं दाखवलं. तिथं तिचा फोटो आहे, हार घातलेला. तो फोटोकडं पाहत राह्यला. मंग ओट्यावर मटकन बसला.

"कवा?"

"जेठात. तुह्या घरच्यायनं सांगतलं नाई?"

"नाई... बाबाजी, मी तिले रपट्यावर पाह्यलं. त्या म्हाताऱ्या बाईच्या मागं. एक हात तिच्या पाठीवर, दुसऱ्या हातात चपला. तिले पाहूनच तर हटलो. तिच्यासमोर कसा मारू तुम्हाले?"

कमलेनं हाताचं मले शाळेतच सांगतलं होतं, अन् मी ते कोणाजवळ बोललो नव्हतो. कमलेले विचारलं, तिनंही नाई. चपलांचं तर मलेच ठाऊक. रपट्यावर शेवाळ राहते, बुढी घसरू नये म्हणून चपला काढून हातात घे. पण हे गज्यानं लहानपणी पाह्यलं असंन, असंही मी स्वतःले समजावलं. त्याच्या मनात पाप होतं, म्हणून त्याले ती दिसली. कमलेचे डोळे गेलेले, तिले कोणाची तरी ओटी लागली असंन. हे सारं मी जुळवून पाह्यलं. रोज जुळवतो. जुळत नाई. त्याले ती मेली हेच माहीत नव्हतं, मंग त्याले भुताचा भास कसा होईन? अन् दिसाची होती तर मले काऊन नाई? सहा महिने मी त्या चुलीपाशी बसून राह्यतो.

ठाणेदारानं मागून मले बोलावून विचारलं होतं, पोट्टे वाट देऊन मोकळे कसे झाले? काही समझोता झाला का? कोणी मधात पडलं का? त्याले पुढच्या निवडणुकीसाठी लिहून ठेवायचं होतं. मी म्हटलं, साहेब, माहीत नाई. ते खरंच होतं. आजही माहीत नाई. ज्याले माहीत असंन त्यानं सांगावं, मी ऐकून घेईन.

गज्या उठला तवा मी त्याले थांबवलं. लाज वाटत होती, तरी विचारलं, "तिनं माह्याकडे पाह्यलं का रे?"

त्यानं खोटं बोलाले पाहिजे होतं. पण तो विचार करून खरं बोलला.

"नाई बाबाजी. ती माह्या हातातल्या पाइपाकडे पाहत होती. सारा वेळ."