अमळनेरला जायचं तर चौथा नंबर हवा!

सुरतेच्या लिंबायतमध्ये साडीच्या कारखान्यांबाहेर चिंध्यांचा ढीग पडतो. सकाळी उचलून नेला की संध्याकाळी परत तेवढाच! आमच्या कट्ट्यावरच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून संपत नाही, तोवर सुपडू अण्णा दुसरा करून ठेवतो.

कट्टा म्हणजे जयंतीभाईंची चहाची लारी, म्हणजे हातगाडी. तिथे रोज संध्याकाळी आम्ही चौघे. सुपडू अण्णा अजून पॉवरलूमवर आहे. मी प्रकाश, आधी त्याच कारखान्यात होतो, आता रिक्षा चालवतो. वानखेडे सर अकोल्याचे, गणिताचे क्लास घेतात. आणि चौथे स्वतः जयंतीभाई, जे चहा कमी विकतात आणि मतं जास्त देतात.

आमचा विषय एकच. आमच्या भागातल्या कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम! कारण अण्णाची पोरगी कविता तिची गोलकीपर. दर वर्षी कॉलेजांची लीग होते आणि दर वर्षी आमची टीम तळाला जाऊन बसते. आम्हाला त्याची सवय झाली होती हो. पण ह्या वर्षी जाहीर झालं की पहिल्या चार टीमना अमळनेरच्या एका स्पर्धेचं आमंत्रण मिळणार. अमळनेर म्हणजे अर्ध्या लिंबायतचं गाव! झालं, त्या दिवसापासून कोणाच्याच जिवाला स्वस्थता नाही.

*

लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. तिथे खडखडाटच इतका असतो की शेजारच्याला हाक मारायची तरी बेंबीच्या देठापासून मारावी लागते.

पहिल्याच मॅचला अण्णा माझ्या कानाशी वाकला. खासगीत काही सांगायचं होतं बिचाऱ्याला. म्हणाला, "प्रकाश, ह्या रेफरीले टक्कल पडी ऱ्हायनं रे!"

मैदानाच्या मध्यावर रेफरीने डोक्यावरून हात फिरवला!

*

म्हणूनच लूमवर खरं बोलणं हातांनी चालतं. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. पंजा समोर धरला की मशीन थांबव. आणि सगळ्यात लाडकी खूण म्हणजे अंगठा ओठांना, मग दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे, मग हात आडवा फिरवायचा. म्हणजे, "जा, चहा पिऊन ये, तुझी मशीन मी बघतो." ही खूण आपण होऊन करणारा माणूस शेजारच्या मशीनवर मिळाला, तर नशीब काढलं म्हणायचं!

अण्णाला तसा माणूस मिळाला होता. त्याचा सख्खा मोठा भाऊ, नाना. नानानेच त्याला गावाहून सुरतेला आणलं, काम शिकवलं, आणि दोघं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी उभे राहिले. लहान कविता डबा घेऊन यायची, ती पण ह्या खुणा दोघांकडून शिकली.

मग नाना गावी परतला. कविता फुटबॉल खेळायला लागल्याचं कळल्यावर फोन करून म्हणाला, "पोरीच्या जातीले शोभस का हे?" अण्णा भडकला. "पोरगी माझी आहे, तुमची नाही!" बोलून गेला आणि मग पस्तावला. पण नानाने फोन ठेवला तो ठेवलाच. दोन वर्षं एक शब्द नाही. दिवाळीला नाही, लग्नाकार्याला नाही. अण्णा हसतो खिदळतो, पण नानाचं नाव निघालं की चहाच्या ग्लासात बघत बसतो. मला फार वाईट वाटायचं.

*

आता ह्या खुणांनी आमचा कसा घात केला ते ऐका.

लीगमधली चौथी मॅच. अण्णा गोलच्या मागे उभा. त्याला दिसलं की कविताच्या बुटाची नाडी सुटली आहे. अण्णाने कारखान्यातल्यासारखी बोटांची कात्री हलवली आणि पंजा समोर धरला. धागा तुटला, मशीन थांबव!

पोरगी गुणाची. बापाचं ऐकून जागच्या जागी थांबली, खाली वाकली, आणि बॉल तिच्या शेजारून आरामात जाळ्यात गेला!

मॅच संपल्यावर कविता तणतणत आली. "पप्पा, मशीन थांबते. समोरची टीम नाही थांबत!"

त्या दिवसापासून कट्ट्याचा नियम झाला. मॅच चालू असताना अण्णाच्या दोन्ही हातांत चहाचे दोन ग्लास. भरलेले असोत की रिकामे, खाली ठेवायचे नाहीत!

*

वानखेडे सरांचा हिशोब ऐकणं ही एक शिक्षा आहे.

"राजेहो, ऐका! आपण पुढची हरलो तरी चालते. फक्त तिसऱ्या टीमनं पाचवीला हरवायचं, पाचवीनं दुसरीशी बरोबरी करायची, अन् दुसरीनं चौथीला कमीत कमी तीन गोल मारायचे. मग गोल फरकावर आपला नंबर लागते!"

जयंतीभाई गाळणीतून चहा गाळता गाळता थांबले. म्हणाले, "सर, एना करता तो आपडी छोकरी लोग एक गोल मारी दे, ए सोपं नथी?"

सर रुसले. दोन दिवस समोरच्या लारीवर चहा प्यायले. तिसऱ्या दिवशी परत आले आणि म्हणाले, "तो चहा अगदीच पांचट आहे हो. अन् तिथं कोणी पॉइंट विचारत नाही!"

*

एका संध्याकाळी अण्णा लारीवर आला तो घाम पुसत. चेहरा असा की मला वाटलं घरी कोणी आजारी आहे.

"नानाचा फोन आला होता," तो म्हणाला.

आम्ही सगळे उभेच राहिलो! "काय म्हणाला?"

"एवढंच म्हणाला, पोरगी खेळस का आजून?"

"मग? तू काय बोललास?"

अण्णा घुटमळला. दोन वर्षांनी भावाचा आवाज ऐकला, माझा जीवच थाऱ्यावर राहिला नाही रे, म्हणाला. आणि मग हळूच (म्हणजे रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला ऐकू जाईल इतक्या हळू) त्याने सांगितलं, "मी म्हटलं, खेळस तर काय! अमळनेरले येवाव शे! तुम्ही बठ्ठा देखाले या!"

पोरगी अमळनेरला येणार, सगळे बघायला या, असं सांगून हा मोकळा! आणि त्या दिवशी आमचा नंबर होता सहावा.

"अण्णा, काय करून बसलास!" मी कपाळाला हात लावला.

"थांब, पुढचं ऐक," तो रडवेला झाला. "नानाने गावात सगळ्यांना सांगितलंय. जीप ठरवलीय. फाट्यावर बॅनर लावणार आहेत."

जयंतीभाईंनी न विचारता त्याच्या चहात आलं जास्त घातलं. सरांनी मोबाइल काढला आणि पहिल्यांदाच आम्ही सगळे त्यांच्या हिशोबाकडे डोळे लावून बसलो. कारण आता चौथा नंबर हुकला असता, तर नाना म्हणाला असता की सुपडूने मला गावात तोंडघशी पाडलं. आणि तो दरवाजा मग कायमचा बंद.

*

पोरींनी कमाल केली! सहाव्याच्या पाचव्या झाल्या आणि शेवटची मॅच पण जिंकल्या. पण आपल्या जिंकण्याने भागत नव्हतं. सर म्हणाले, "कामरेजला मॅच हाय दुपारी. त्यातली पिवळी टीम हरली तर आपण चौथे. ते जिंकले किंवा बरोबरी झाली, तर आपण पाचवे."

"मग इथे काय बसलो आहोत?" जयंतीभाईंनी लारी झाकली. जयंतीभाईंनी! ज्यांनी साळ्याच्या लग्नात पण लारी झाकली नव्हती! चौघं माझ्या रिक्षात कोंबलो आणि निघालो.

मैदानावर एक पिवळी टीम, एक निळी टीम. आम्ही निळ्यांच्या बाजूला जाऊन बसलो आणि गळे काढायला सुरुवात केली. अण्णाचा लूमचा आवाज! "मार निळे! दाब पिवळीला!" निळ्या पोरींना एवढा चेव चढला की विचारू नका. त्यांचे आईबाप आमच्यावर खूश. एका काकींनी डबा उघडून खमण दिलं, वर चटणी दिली, मिरची दिली.

हाफ टाइमला त्या काकी म्हणाल्या, "तमे लोको केटला सारा छो! आज जिंकलो ना, तर आमच्या छोकरी लोग अमळनेर जाशे!"

माझ्या हातातलं खमण हातातच राहिलं. दोन्ही टीम पिवळे कपडे घालून आल्या होत्या, म्हणून यजमानांनी, म्हणजे सरांच्या त्या पिवळ्या टीमनेच, निळे चढवले होते. आम्ही अर्धी मॅच दुश्मनासाठी ओरडत होतो!

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर तोंडातला घास गिळून म्हणाले, "गणित बरोबर हाय माझं. कपडे चुकले!"

दुसरा हाफ आम्ही चोरासारखे गप्प बसून काढला. खाल्लेल्या खमणाला जागायचं की अण्णाच्या अब्रूला? शेवटाला पिवळ्या कपड्यांतल्या पाहुण्या टीमने गोल मारला आणि जयंतीभाई ताडकन उडाले. "गोल! गोल! जय हो!" त्या काकींनी आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की आम्ही शिट्टी वाजल्या वाजल्या रिक्षा गाठली.

कामरेजच्या बाहेर आल्यावर मी रिक्षा बाजूला घेतली. अण्णा खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला चक्क फतकल मारून बसला. मोठा श्वास सोडला. हसायला लागला, मग डोळे पुसायला लागला. सुटलो रे देवा, म्हणाला. आम्ही पण सुटलो होतो. इतकं हलकं मला माझ्या रिक्षाचा शेवटचा हप्ता फिटला तेव्हाही वाटलं नव्हतं.

"लाव फोन, नानाला सांग!" मी म्हटलं.

अण्णा माझ्याकडे बघतच राहिला. "काय सांगू? त्याला तर आधीपासून माहिती आहे!"

*

बॅनरचं सांगायचं राहिलं की!

उधन्याहून गाडीने टीम निघाली, मागच्या डब्यात आम्ही. अमळनेरला उतरलो तर स्टेशनाबाहेर तोच बॅनर, फाट्यावरून उचलून आणलेला. वरच्या बाजूला अण्णाचा फोटो, लग्नातला, फेट्यासकट. खाली कविता बॉल अडवताना. तोंड तिचं, पण बाकी अंग कुठल्यातरी परदेशी पुरुष गोलकीपरचं!

कविता बराच वेळ निरखत राहिली. मग म्हणाली, "मोठे बाबा, तोंड ठीक आहे. पण हे केसाळ हात कोणाचे?"

नाना तिथेच उभा होता. उंच, वाळलेला, पांढरी टोपी. त्याने कविताच्या गळ्यात हार घातला, डोक्यावर हात ठेवला. हसला की काय असं वाटलं. पण अण्णाकडे बघितलंच नाही. अण्णा वाकून पाया पडला, तर नाना "हं" म्हणाला आणि जीपकडे चालू लागला. सगळा खटाटोप करून पदरात काय, तर एक "हं"! मला इतका राग आला की सांगू नका.

*

मॅच सुरू झाली. नाना गाववाल्यांना घेऊन मैदानाच्या पलीकडे बसला. आम्ही अलीकडे. नियमाप्रमाणे अण्णाच्या हातात दोन रिकामे ग्लास.

आमच्या पोरी एका गोलने पुढे. आणि अगदी शेवटी, जेव्हा सरांनी पुढच्या फेरीचा हिशोब पण सुरू केला होता, तेव्हा रेफरीने आमच्या विरुद्ध पेनल्टी दिली!

समोरची एक दांडगी पोरगी बॉल ठेवून मागे सरकली. कविता गोलमध्ये एकटी. "माले नही देखावत रे," तो म्हणाला. पण मान वळवेना, पोरीला एकटं कसं सोडायचं?

तेवढ्यात पलीकडे नाना उठून उभा राहिला.

एवढ्या लांबून त्याने अण्णाकडे बघितलं. सरळ, दोन वर्षांत पहिल्यांदा. मग त्याने अंगठा ओठांना लावला. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे केली. आणि हात आडवा फिरवला, ह्या टोकापासून कविताच्या गोलपर्यंत.

सरांना काही कळलं नाही. जयंतीभाईंना पण नाही. मला कळलं, मी पण लूमवर होतो ना!

अण्णाच्या दोन्ही हातांत ग्लास, उत्तर देणार कसं? त्याने नुसती मान हलवली. वळला, गेटमधून बाहेर गेला, आणि चहावाल्यासमोर दोन्ही ग्लास ठेवले. मी मागे धावलो. चहावाल्याने दोन्ही भरले. अण्णाने एक उचलला आणि दुसऱ्यावर बशी झाकून ठेवली.

मागे शिट्टी वाजली. मग जो काही कल्ला उठला! जयंतीभाई ओरडत होते, "पकडी लिधो! कविताए पकडी लिधो!"

"अण्णा!" मी त्याला हलवलं. "अरे, तिकडे बघ तरी!"

मैदानाकडे पाठ करून अण्णाने चहाचा निवांत घोट घेतला.

"नाना देखी ऱ्हायना ना," तो म्हणाला.