बन्सीच्या बोटांचं गाणं

बन्सी आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवायचा. लातूरकडचा गडी, बोलायला कमी, कामाला वाघ. माल जास्त निघावा म्हणून आमचा शेठ, हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद ठेवायला लावायचा. त्यात बन्सीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात मात्र त्याने सांगितलं की मोशीला पाहुण्यांच्या गोठ्यावर कडबाकुट्टीत हात गेला. शेठनेच तसं पढवलं होतं. बदल्यात शब्द दिला, मी आहे तोवर तुझ्या नोकरीला धक्का नाही, आणि बन्सीला पॅकिंगला बसवलं. शॉपमध्ये खरं सगळ्यांना माहीत होतं.

त्याची मुलगी करिष्मा आकुर्डीला कॉलेजात शिकते. आवाज असा की नळावरच्या बायका भांडण थांबवून ऐकायच्या. तिने दिग्विजय आणि रणजीत या दोन पोरांबरोबर रॉक बँड काढला. स्टुडिओ यांना कुठला परवडायला! गुरुवारी एमआयडीसी बंद, म्हणून आवाज कमी. तेव्हा बन्सीच्याच खोलीत भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्डिंग चालायचं. बन्सी बाहेर उन्हात स्टूल टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हातानेच गप्प करायचा. आत काय गातात ते त्याला धड ऐकूही येत नसे, पण ऐट अशी, जणू लेकीचं लग्नच लागतंय.

पहिला अल्बम नेटवर आला. त्यातलं शेवटचं गाणं करिष्माने स्वतः लिहिलं होतं आणि बापाला चकित करायचं म्हणून लपवून ठेवलं होतं:

कडबा कुठला, गोठा कुठला,
बन्सी, तुझी बोटं खाल्ली
भोसरीच्या प्रेसनं.

नेमकं तेच गाणं चाललं. चहाच्या सुट्टीत शॉपमधल्या पोरांनी मोबाइलवर लावलं आणि शेठच्या मुलाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी बन्सीला गेटवरच अडवलं. शेठ बाहेर येऊन गोड आवाजात म्हणाला, "बन्सीभाऊ, शब्द तुम्ही मोडलात. आता मी मोकळा." माणसाची बोटं घेऊन वर शब्दाच्या गोष्टी! माझं डोकंच फिरलं.

करिष्मा रडत दिग्विजयच्या मारुंजीच्या फ्लॅटवर गेली. गाणं काढून टाक म्हणाली. "वेडी आहेस का?" तो म्हणाला. "लोक त्याच गाण्यासाठी आपल्याला ऐकतायत. उलट पुढच्या शोला काकांना स्टेजवर आणू. हात दाखवतील." लाज नावाची चीज या पोराने पाहिलेलीच नसावी.

बन्सी आता चाकणला गेटोगेट फिरतो. ठेकेदार आधी हात बघतात, मग नंतर कळवतो म्हणतात.

परवा त्याने ते गाणं पहिल्यांदाच ऐकलं. मीही तिथे होतो. करिष्मा खाली मान घालून बसली होती. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"लई चांगलं गायलीस, माय," तो म्हणाला. "पण मला इचारायचं होतंस."

"खरं तेच लिहिलं ना, बाबा?"

"खरं मला बी माहीत होतं की. ते झाकून ठिवलं म्हणून तर तू कालेजात गेलीस."