कोरी टाच

आमच्याकडे प्लास्टर म्हणजे खाट. गावातला एक जण मोहाच्या झाडावरून पडला होता, त्याचा पाय मांडीपर्यंत पांढरा करून वर टांगून ठेवला होता, अन् तो रोवणीपासून कापणीपर्यंत पडून होता. तेवढंच एक प्लास्टर आमच्या लोकांनी पाहिलेलं. त्यामुळे मला प्लास्टर लागल्याचं कळताच सासूनं आधी खाटेची सुतळी आवळून घेतली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. दुसरं कोणी असतं तर त्यानंही तेच केलं असतं.

ऐंशीनंतरची सालं. चामोर्शीच्या अलीकडे आमचं गाव. उन्हाळ्यात रोजगार हमीचं रस्त्याचं काम निघायचं, अन् आम्ही दोघी जावा मुरमाच्या खदानीवर जायचो. मी थोरली, मला मूल नव्हतं. धाकटीला एक पोरगी, अजून पाऊल न टाकलेली. तिचा बाप, म्हणजे माझा दीर, गडचांदूरला सिमेंटच्या कामावर. तो महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा, त्यामुळे पोरगी आम्हा दोघींचीच होती. खदानीजवळच्या पळसाला तिची झोळी बांधायचो. ती रडली की घमेलं टाकून आधी कोण धावते यावरून आमची चेष्टा चालायची. मीच आधी पोचायची. धाकटी म्हणायची, दूध तुमच्यापाशी नाई तं एवढ्या धावता काऊन? अन् हसायची. दुसरी कोणी असं बोलली असती तर मी तिचं तोंड पाहिलं नसतं.

एका दुपारी खदानीची कड आमच्या अंगावर आली. आवाजही फार झाला नाही. धाकटी पुरती खाली गेली, माझा एक पाय. लोकांनी फावडी फेकून हातांनी मुरूम उपसला. तिला काढलं तेव्हा नाकातोंडात मुरूमच मुरूम. मी ते सगळं पाहिलं अन् मला काही झालं नाही. रडू आलं नाही, पाय दुखला नाही. झोळीत पोरगी रडत होती, ती कोणाची तरी दुसऱ्याची आहे असं वाटत होतं.

मला चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. मी तिथं असतानाच इकडे गावात धाकटीची माती झाली, तिला पुरलं. माझ्या पायाच्या पंजाची हाडं मोडली होती, पण जागची सरकली नव्हती, म्हणून कापाकापी करायची नाही असं डॉक्टर म्हणाले. सूज उतरू दिली, मग गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातलं अन् तळव्याला रबराची जाड टाच बसवली. ही टाच टेकवून चालायचं, भार पडला की हाड चांगलं जुळतं, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला समजावलं. मी बाजूलाच होते. कानावर पडलं, आत गेलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं ते जसंच्या तसं सासूला सांगितलं. सासूनं त्याला पागल ठरवलं. मोडक्या पायावर कोणी चालते का, डॉक्टरच्या घरी फरशी असंन, आपल्या घरी काय आहे, असं तिचं म्हणणं. मग टाच कशाला लावली, असं त्यानं विचारलं. प्लास्टर जमिनीला घासू नये म्हणून, असं तिनं ठासून सांगितलं. ते सगळ्यांना पटलं. एक सून मातीत गेली होती, दुसरीला ती जमिनीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हती. भाताची पेज ती हातानं पाजायची. पायाखाली गोधडीची घडी. मी आढ्याकडे पाहत पडून राहायची. चाल म्हटलं असतं तर चालले असते. पड म्हणाले, पडले.

दीर माती आटोपून परत गडचांदूरला कामावर गेला होता. पोरगी अंगणात धुळीत बसलेली असायची. सासूला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. एकदा पोरगी रांगत चुलीपर्यंत गेली, शेजारणीनं उचलली म्हणून वाचली.

मग बाजाराच्या दिवशी धाकटीची आई आली. गोंडपिपरीजवळच्या खेड्यातली, विधवा बाई, धाकटी तिची एकुलती एक. तिनं घर पाहिलं, धुळीतली पोरगी पाहिली, माझी खाट पाहिली. मला विचारलं, तुले उठता येते का? माझ्या आधी सासूच बोलली, तिले पाय टेकवाले मनाई आहे. पोरीच्या या आजीनं मान हलवली. आपण पोरीले घेऊन जातो म्हणाली. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी आढ्याकडे पाहत राहिले. आजीनं पोरीला कडेवर घेतलं, दोन झबली पदरात बांधली अन् गेली. वाईट वाटायला पाहिजे, हे मला समजत होतं. वाटत नव्हतं.

पुढं प्लास्टर दाखवायला चंद्रपूरला गेलो. डॉक्टरांनी माझा पाय हातात धरून उलटा केला अन् टाचेकडे पाहतच राहिले.

"ही टाच कोरी कशी? तुम्ही चाललाच नाहीत?"

डॉक्टर चांगलेच भडकले. हे प्लास्टर चालण्यासाठीच आहे, पडून राहायचं असतं तर टाच कशाला बसवली असती, प्लास्टर वाळल्यापासून चालायला पाहिजे होतं, असं बरंच बोलले. मग मला व्हरांड्यात उभं केलं अन् नवऱ्याला हात सोडायला लावला. मी चालले. भिंतीपर्यंत गेले, परत आले. काही मोडलं नाही. इतकं सोपं होतं ते. तेव्हा मला संताप आला, खूप दिवसांनी काहीतरी आलं. मी चालू शकत होते अन् माझी पोरगी मला चालता येत नाही म्हणून गेली.

परतीची बस धरली. गोंडपिपरीला बस थांबली अन् मी उतरले. नवरा मागून ओरडत आला, काऊन उतरून राह्यली म्हणून. मी चालू लागले, मग त्यालाही कळलं. आजीच्या गावाची वाट कच्ची, सागाच्या रानातून. एका पायात चप्पल, दुसऱ्याला ती टाच. नवरा हात देत होता, मी घेत नव्हते. प्लास्टरच्या आत घाम चालला होता.

आजी तेंदूच्या पानांचे पुडे बांधत अंगणात बसली होती. तिनं मला वाटेवरून चालत येताना पाहिलं. उठली नाही. मी जवळ येऊन भुईवर बसले, प्लास्टरचा पाय लांब करून. पोरगी रांगत आली अन् प्लास्टरवर हातानं थापट्या मारू लागली. मी तिला मांडीवर घेतलं. आजी माझ्या पायाकडेच पाहत होती.

"तुले चालता येत होतं, तं माह्या पोरीच्या मातीले काऊन नाई आली?"

तेव्हा मी दवाखान्यात होते, सूज होती, प्लास्टर नंतर घातलं, हे सगळं खरं होतं. सांगता आलं असतं. पण तोंडातून निघालं, "मले कोनी नेलंच नाई, आई."

आजीच्या हातातला पुडा सुटला. ती बराच वेळ पानं गोळा करत बसली. मग तिनं पाणी दिलं, गूळ दिला. मी पोरीला न्यायला आले होते, हे तिघांनाही माहीत होतं. पोरगी माझ्या मांडीवर झोपून गेली. तिच्या डोक्याचा घाम माझ्या हाताला लागत होता अन् मला ती हवी होती, इतकी की दात आवळून बसले होते.

ऊन उतरलं. नवरा म्हणाला, चाल, शेवटची बस जाईल. मी उठायला गेले. प्लास्टरमध्ये घोटा वळत नव्हता, मांडीवर झोपलेलं लेकरू, हात टेकायला मोकळे नाहीत. दोनदा प्रयत्न केला. चालायचं कसं ते डॉक्टरांनी दाखवलं होतं, भुईवरून उठायचं दाखवलं नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "हिले घ्या. मले उठाचं हाय."

आजीनं तिला एका हातानं खांद्यावर टाकलं अन् दुसरा हात मला दिला. तिच्या हाताला धरून मी उभी झाले. पोरीला परत मागायला माझा हात पुढं झाला नाही, अन् आजीनं ती खांद्यावरून काढली नाही.

आम्हा दोघांना बस मिळाली.