डोंगरातल्या घरावर गोराईचं जाळं

मंडळी, आज माझ्या सासूबाईंचं कौतुक ऐकावंच लागेल.

जव्हारच्या डोंगरात आमचं छोटं पत्र्याचं घर आहे, हे तुम्हाला माहितीये. जागा झकास, पण जिवाला घोर! पावसाळ्यात वाटेवर दरड येते, थंडी सरली की वणव्याची भीती, आणि मे महिन्यात वादळी वारा. गेल्या वर्षी त्या वाऱ्याने आमचे निम्मे पत्रे दरीत नेले.

सासूबाई गोराईच्या कोळीण. होळीनंतर त्या होडीवरचं जुनं जाळं घेऊन थेट वर आल्या. अख्ख्या छपरावर ते पसरलं आणि दोर ओढून जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधलं.

मी वैतागले. "आई, फोटोत कसं दिसेल हे?"

"अगं, फोटोत घर तरी दिसेल ना!"

काल तिकडे वादळ झालं. आज सकाळी बोरिवलीहून आम्ही दोघी निघालो. पायथ्याच्या गावात पत्रे रस्त्यावर पडलेले बघून मी तर आमच्या पत्र्यांची आशाच सोडली. शेवटची चढण संपली आणि घर दिसलं. छप्पर जागच्या जागी!

मी तिथेच त्यांना मिठी मारली. त्यांनी मला बाजूला केलं आणि आधी एकेक गाठ ओढून बघितली. मग जाळ्यात अडकलेला कचरा काढत म्हणाल्या, "एवढं मोठं जाळं टाकलं, आणि मिळाला काय, तर पाला!"

खाली फोटो टाकलाय. घर दिसतंय.