पपा मागे राहिले, ती दुपार

येशू परत येणार, याबद्दल आमच्या घरात कुणालाच शंका नव्हती. भांडण होतं ते कधी येणार आणि कसा येणार, याचं. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की तो हसतो, आणि मला राग येतो. तुमच्याकडं मेहुण्या-मेहुण्यांचं बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद पडतं ना? आमच्याकडं प्रभूच्या येण्यावरून पडलं. त्यात हसण्यासारखं काय आहे? म्हणजे, आहे पुष्कळ, पण ते आम्ही हसायचं.

आम्ही वारूळवाडीचे ख्रिस्ती. मळ्यात राहायचो. पपा टोमॅटो करायचे. कालव्याच्या पलीकडं मामांचा मळा. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. दोघांची सावड होती. आज आमच्या रानात दोघांनी राबायचं, उद्या त्यांच्या. टोमॅटोची झाडं तारेला बांधायची असली की सरीच्या एका बाजूला पपा, दुसऱ्या बाजूला मामा, आणि मधून सुतळीचं बंडल इकडून तिकडं. हात चालायचे आणि तोंडं त्याहून जास्त चालायची.

पपांचं म्हणणं असं, की प्रभू दोन टप्प्यांत येणार. आधी गुपचूप, ढगांपर्यंतच, आणि आपली माणसं वर उचलून घेणार. जेवत असलेला माणूस ताटावरून जाईल, घास तसाच पडून राहील. जे मागं राहतील त्यांनी सात वर्षं महासंकट भोगायचं. मग प्रभू उघडपणे येऊन हजार वर्षं राज्य करणार. मंचरला मांडव घालून सभा झाल्या होत्या, तिथं एका पाहुण्या उपदेशकानं मोठा तक्ता टांगून हे सगळं समजावलं होतं. तक्त्यावर वर जाणारे बाण होते, खाली येणारे बाण होते. पपा तिथून आले ते बाण डोक्यात घेऊनच.

मामांना तो तक्ता मुळीच पटला नाही. "दाजी, प्रभू काय एस्टी हाय का, आधी एक गाडी आन् मागनं दुसरी? येल तवा एकदाच येल, उघड येल, साऱ्या जगाला दिसंल. आन् संकट काय आपल्याला चुकायचं न्हाई. सगळ्यांच्या बरोबरीनं आपुनबी भोगायचं."

"मंग हजार वर्सांचं काय?"

"देवाची हजार वर्सं तुमी भिंतीवरच्या कॅलेंडरात मोजता व्हय?"

असं चालायचं. मला लहानपणी वाटायचं, सगळ्याच टोमॅटोच्या रानांत हे बोलतात.

पपांचा विश्वास नुसता तोंडी नव्हता, ही त्यातली खरी अडचण. आमच्या रानात तीन-चार महिन्यांच्या पुढचं पीक कधी लागलं नाही. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर, की पुन्हा टोमॅटो. भोवतीचे सगळे द्राक्षं लावत होते, आई मागं लागली होती. पण पपा म्हणायचे, "द्राक्षाला वरीस-दीड वरीस लागतं. तवर कोण ऱ्हातंय हितं!" आई कपाळाला हात लावायची. तिकडं मामांनी मुद्दाम आंब्याची कलमं लावली, आणि दर उन्हाळ्यात पपांना नेऊन दाखवली.

नव्याण्णव साली तर टीव्हीवालेही पपांच्या बाजूनं झाले. दोन हजार लागलं की कॉम्प्युटर बंद पडणार, विमानं पडणार, असं रोज काहीतरी. पपा रविवारी जुन्नरला देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) जाताना एस्टीत अनोळखी माणसांनाही सावध करायचे. मी तोंड खिडकीबाहेर काढून बसायची. मग दोन हजार साल लागलं, आणि काही म्हणता काही झालं नाही. मामांनी कालव्यावरून हाक मारली, "काय दाजी, अजून हितंच?"

मामा थट्टेनं बोलले. पपांना मात्र ते लागलं, आणि लई खोल लागलं.

त्या वर्षी हंगामाच्या सणाला ते बाहेर पडलं. आमच्याकडं या सणाला ज्यानं त्यानं रानातलं पहिलं पीक देवळात आणायचं, वेदीपुढं मांडायचं. भोपळे, कांदे, उसाच्या मोळ्या, कोंबड्यासुद्धा. उपासनेनंतर ज्याला वाटेल त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्याला काय दाखवलं ते सांगायचं. पपा उभे राहिले. म्हणाले, "आपल्यात काही जण हायेत. पुढच्या बाकावर बसत्यात, दानाला पुढं असत्यात. पर वर उचलून घ्यायचा दिवस थट्टेवारी नेत्यात. त्या दिवशी ते मागं ऱ्हातील."

पुढच्या बाकावर मामा होते. सगळं देऊळ त्यांच्याकडं बघायला लागलं. मामा उठले, टोपी घातली आणि कोंबड्यांमधून वाट काढत बाहेर गेले. मामी त्यांच्या मागून.

त्या दिवसापासून मामांनी आमच्या दारात पाऊल टाकलं नाही. सावड मोडली. देवळात ते शेवटच्या बाकावर बसायला लागले आणि आशीर्वादाआधीच उठून जायला लागले. नाताळात आईनं करंज्या-अनारशांचं ताट माझ्याकडं देऊन पाठवलं. मामींनी ते भरून परत दिलं. मामा खाटेवर बसून छताकडं बघत होते.

पपांना चूक कळली होती. पण मान्य करायची म्हणजे तक्ताच चुकला, असं त्यांना वाटत असावं. ते म्हणायचे, "मी शास्त्राचं बोललो, माज्या घरचं न्हाई." त्यावर आईचा संताप अनावर व्हायचा. "वरच्या जागेचं प्रभू बघंल. माज्या ओट्यावरली भावाची जागा काढायचा अधिकार तुमाला कुणी दिला?" ती भांडी आदळायची. पपा कांदा चिरत असल्यासारखे डोळे पुसत बाहेर जायचे. मला दोघांचीही कीव यायची आणि दोघांचाही राग यायचा.

दुसऱ्या वर्षी आणखी एक झालं. मामांचा मुलगा चिंचवडला कंपनीत होता. मामांचा गुडघा धरला, चालणं अवघड झालं, तसा तो आईबापाला तिकडंच घेऊन जायचं म्हणायला लागला. उन्हाळा संपायच्या आत जायचं ठरलं. आईनं ते ऐकलं आणि तिचं जेवणावरचं लक्षच उडालं. "माजा भाऊ माज्या घरचं पाणी न पिता जाणार," एवढंच ती म्हणायची, आणि ते कुणाला उद्देशून म्हणायची तेही कळायचं नाही. पपा ऐकायचे आणि चपला घालायचे, पण कालव्यापर्यंत जाऊन परत यायचे.

आणि मग ती दुपार आली.

पपा नारायणगावच्या बाजारात माल घेऊन गेले होते. आई भाकऱ्या थापत होती, मी कॉलेजातून येऊन नुकती टेकले होते. एवढ्यात वस्तीत ओरडा झाला, "बिबट्या पडला हिरीत! बिबट्या!" त्या वर्षांत आमच्याकडं उसात बिबट्यांनी उच्छाद मांडला होता, कुत्री जात होती, शेळ्या जात होत्या. पण प्रत्यक्ष कुणी पाहिलेला नव्हता. आई तव्यावर भाकरी तशीच टाकून धावली, मी तिच्या मागं. सगळी वस्ती उसापलीकडच्या विहिरीकडं पळाली. कालव्यापलीकडच्या मामीसुद्धा पळाल्या. शेजारच्या आजी होत्या, वर्षानुवर्षं ओट्यावरून न हललेल्या. त्यांनी "मलाबी दावा रं!" म्हणून असा आकांत केला की नातवानं त्यांना पाठुंगळी घेतलं. विहिरीत बिबट्या पाइपला धरून बसला होता आणि आमच्याकडं बघून फिसकारत होता. खरं सांगायचं तर तो मांजरापेक्षा जास्त घाबरलेला होता.

इकडं पपा सायकलवरून घरी आले.

हे पुढचं मी पाहिलेलं नाही, पपांकडून आणि मामांकडून तुकड्या-तुकड्यानं मिळवलेलं आहे. दार सताड उघडं. तव्यावर भाकरी जळून कोळसा झालेली. पिठाचा हात लागलेला तांब्या लवंडलेला. "अगं ए!" म्हणून हाक मारली, उत्तर नाही. मागं गेले तर मोटार चालू, पाणी दंड फोडून वाटेवर आलेलं. पाणी असं सोडून आमच्याकडं कुणी मेलं तरी जात नाही. शेजारी गेले, तिथंही कुणी नाही, रेडिओ एकटाच बोलतोय. आणि ओट्यावर आजी नाहीत. त्यांची पानाची चंची आहे, काठी आहे, आणि आजी नाहीत!

आजी दर चतुर्थीला लेण्याद्रीच्या गणपतीकडं तोंड करून हात जोडायच्या. पपांनी त्यांना कितीदा प्रभूबद्दल सांगितलं होतं, आणि त्या कितीदा "व्हय बाबा, तुजाबी देव चांगला" म्हणाल्या होत्या. त्या आजीसुद्धा गेल्या. सगळी वस्ती गेली. पपा एकटे राहिले.

"मला तवा काय वाटलं म्हणून सांगू," पपा पुढं एकदाच मला म्हणाले, "भ्या न्हाई वाटलं. लाज वाटली."

ते पळत सुटले. सायकल समोर उभी असताना पळत. वाटेत मोटार मात्र बंद केली. यावरून मामांनी त्यांना जन्मभर छळलं. जगाचा शेवट झाला तरी दाजींनी पाणी वाया जाऊ दिलं नाही, असं ते लग्नाकार्यांत सांगायचे.

पपा पळाले ते थेट मामांच्या घरी. तिथंही दार उघडं, मामी नाहीत. पपांनी अंगणातून हाक मारली, "पाव्हणं! ओ पाव्हणं!"

मामा आत खाटेवर होते. गुडघ्यामुळं त्यांना बिबट्याला जाता आलं नव्हतं आणि त्यामुळं आधीच डोकं फिरलेलं होतं. त्यांनी आवाज ओळखला. आणि ओ दिली नाही. अबोला होता ना! भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

पपांनी पुन्हा हाक मारली. मग ओट्यावर बसले आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. मामा आतून ऐकत होते. पपा रडत रडत बोलत होते, मोठ्यानं, कुणी ऐकणारं उरलंच नाही अशा समजुतीनं.

"मला ठावंच व्हतं पाव्हणं, तुमी जाणार. तुमाला सोडून प्रभू कुणाला नेणार? आवो, तुमी असता तर म्हनलो असतो, काय झालं न्हाई, माजाच भरम हाय. म्हणून तर पळत आलो. तुमी हितं असाल म्हणून आलो! भर देवळात मी तुमाला मागं ठिवलं, आन् बघा, मीच ऱ्हायलो. ब्येस झालं. माज्यासारख्याला असंच पायजे."

मामा म्हणायचे, "पोरी, मला काय उठवंना. गुडघ्यानं न्हाई, दुसऱ्याच कशानं." शेवटी ते भिंत धरत धरत दारात आले.

"दाजी. हाय मी. कुठं जातोय तुमाला सोडून?"

पपांनी वर पाहिलं आणि मामांच्या पायांनाच मिठी मारली. नेमका दुखरा गुडघा धरला. मामा कळवळून ओरडले, ते ओरडणं मी कालव्यावरून ऐकलं. घरी आल्यावर पपांची सायकल दिसली, पपा दिसले नाहीत, म्हणून मी शोधत निघाले होते. जाऊन बघते तर दोघं ओट्यावर, मामांचा हात पपांच्या पाठीवर, आणि दोघांचीही तोंडं ओली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुजा बाप मागं ऱ्हायला," मामा म्हणाले. "म्हनलं, सोबतीला ऱ्हावं."

चिंचवडचं जाणं काही टळलं नाही. पण ते पुढचं. त्या दिवशी मी घरून सायकल आणली आणि पपांनी मामांना मागं बसवलं. धरलेला पाय सरळ पुढं काढलेला, तो मी हातात तोलून बरोबर चाललेली, अशी आमची वरात कालवा ओलांडून आली. वाटेतच दोघांची जुंपली. मामा म्हणत होते, "बघितलं? गुपचूप नेलं तर असा घोटाळा व्हतो." पपा म्हणत होते, "तुमचं तुमच्यापाशी. येणार म्हंजे दोन टप्प्यांतच."

आई दारात उभी होती. जळलेली भाकरी तिच्या हातात होती, ती टाकायला निघाली असावी. तिनं सायकल पाहिली, मामांना पाहिलं. मामा एका पायावर उतरले, ओट्याची कड धरली आणि वर चढून आपल्या जागेवर बसले.

"पाणी दे की गं," मामा म्हणाले.

आईनं तांब्या आणून दिला, आणि ते पिऊन होईपर्यंत समोरून हलली नाही. पपा अजून दारातच घुटमळत होते. मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि त्या दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "मी रोज प्रभूला एकच सांगत व्हते. तुला यायचं तवा ये बाबा, माजं काय म्हणणं न्हाई. पर आधी माजा भाऊ येऊ दे."