व्याह्यांच्या हाती चरखा

जगातली एखादी वस्तू आहे त्या स्थितीत सुखी असू शकते, यावर आमच्या व्याह्यांचा अजिबात विश्वास नाही. माझ्या मुलीचे हे सासरे मूळचे खानदेशातले. कडोदऱ्याच्या एका लूमच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात मास्तरकी केली. ही मास्तरकी शिकवण्याची नव्हे, बिघडलेले माग दुरुस्त करण्याची. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे सुरतेत लोक आम्हा दोघांनाही मास्तर म्हणतात, आणि आमच्यातलं साम्य तिथेच संपतं. निवृत्तीनंतर व्याह्यांना दुरुस्तीला माग उरले नाहीत, तेव्हा त्यांनी नातेवाइकांची घरं धरली. स्कूटरच्या डिकीत पाने, पक्कड आणि तेलाची बुदली घेऊन ते डिंडोलीहून आमच्याकडे पर्वत पाटियाला येतात आणि हातात पाण्याचा पेला घेण्याआधी दाराची कडी तपासतात. मुलीच्या साखरपुड्याला भटजी मंत्र म्हणत असताना हे टेबलावर चढून हॉलमधला पंखा खोलत होते. "सर, लंगडतोय," एवढंच त्यांनी वरून मला सांगितलं. खाली दोन्हीकडची मंडळी घामाने निथळत होती. लग्नात आम्ही दिलेल्या आहेरातल्या शर्टपिसचा कोपरा त्यांनी सगळ्यांदेखत उसवला, उजेडात धरला आणि निकाल दिला, "उभा ताणा ठीक आहे सर, पण आडवा बाणा कमजोर आहे." मुलीच्या बापाला भर मांडवात हे ऐकून हसावं लागतं. मी हसलो.

एवढं सगळं मी सोसलं असतं, पण हा माणूस ऐकत नाही. "भाऊ, राहू द्या" म्हटलं की ते खणखणीत आवाजात "हो, लगेच करतो" म्हणतात आणि कामाला लागतात. बरं, व्याह्यांना दटावायची सोय नसते.

अशा माणसाच्या दृष्टीस चरखा पडायलाच नको होता. शेजारच्या गुजराती बा मुलाकडे बडोद्याला राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी आपल्या सासूचा चरखा मला भेट दिला. "मास्तर, साचवजो," म्हणजे जपा, एवढंच म्हणाल्या. सागवानी चाक, त्याचे दोन आरे तुटलेले, सूत गुंडाळायची चाती वाकलेली, दोरी कधीच कुजून गेलेली. माझा विचार साधा होता. स्वच्छ पुसावा, पॉलिश करावं आणि पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवावा. पण रविवारी व्याही आले, त्यांनी चरखा पाहिला आणि पाय पसरून जमिनीवर बसले. "उभा कसा ठेवला हा? याला चालवायला पाहिजे."

त्यानंतरचे चार महिने आमची गॅलरी आमची राहिली नाही. तिथे कपडे वाळत घालणं बंद झालं. चाती त्यांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून तीनदा करून आणली आणि तीनदा नापास केली. एका रविवारी चाकात दोन नवे आरे बसलेले दिसले. लाकूड ओळखीचं वाटलं म्हणून आत जाऊन पाहिलं, तर माझ्या वाचायच्या खुर्चीचा डावा हात नाहीसा झालेला. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "साग होता. आणि तुम्ही पुस्तक उजव्याच हातात धरता." माझी बायको दोन दिवस हसत होती. मला हसू आलं नाही.

मग एके दिवशी ते शिलाई मशिनची मोटार घेऊन आले. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी ती जोडली आणि बटण दाबलं. गिरणी सुरू व्हावी तशी घरघर झाली, कापसाचा पेळू फाटला, सूत तटकन तुटलं, आणि कापूस चहाच्या कपांपासून देवांपर्यंत सगळीकडे जाऊन बसला. व्याही मात्र डोळे मिटून, मान हलवत, तृप्त बसले होते. माझा तोल गेला. मी ओरडलो, "भाऊ, बंद करा ते. ही बांची वस्तू आहे, तुमचा कारखाना नाही."

हे त्यांना नेमकं ऐकू गेलं. त्यांनी बटण बंद केलं, मोटार सोडवली, पाने पिशवीत भरले आणि चहा न घेता गेले.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. मग मुलीचा फोन आला. "बाबा, काय बोललात तुम्ही त्यांना? जेवतानासुद्धा बोलत नाहीत." मी रिक्षा केली आणि डिंडोली गाठली. दार विहीणबाईंनी उघडलं. व्याही गच्चीवर होते. पाणी देता देता विहीणबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, मागांनी त्यांचे कान नेले. कानाचं मशीन आणून दिलं, पण शरम वाटते म्हणून घालत नाहीत. कोणाला सांगू देत नाहीत. चरखा हाताने फिरवला की त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मोटार मिळाली त्या दिवशी खूश होऊन दुकानातूनच मला फोन केला, आता चरखा बोलेल बघ म्हणाले."

मी पेला खाली ठेवून उठलो. व्याही खाली आले. माफी मागायला शब्द होते, पण ते मोठ्याने ओरडून कसे म्हणायचे? मी त्यांच्यासमोर जाऊन सावकाश म्हणालो, "भाऊ, रविवारी या. मोटार घेऊन या."

रविवारी ते आले, पण मोटार आणली नव्हती. "तुमचं बरोबर होतं सर. त्या वेगात सूत टिकत नाही," म्हणाले. नवी दोरी चढवली, चाती हाताळून पाहिली आणि मला चाकाजवळ बसवलं. "तुम्ही फिरवा. मी सूत धरतो." एका हाताने ते पेळू ओढत होते, दुसरा तळवा चरख्याच्या पाटावर टेकवला होता. वीतभर सूत निघालं, मग हातभर. तुटलं नाही.

"आवाज कसा येतो, सर?"

जन्मभर मुलांना मराठी शिकवलं, पण मला शब्द सापडेना. शेवटी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणालो, "पलीकडच्या खोलीत कोणी हळू बोलत असावं, तसा."

"काय बोलतात ते कळत नाही?"

"नाही."

"मला सगळंच तसं येतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच हलका होता. मग नजर पुन्हा सुतावर नेत म्हणाले, "थांबू नका, सर."

माझा खांदा भरून आला होता. मी चाक फिरवत राहिलो.